सामाईक गच्ची आणि तबकडी

सामाईक वस्तूचा उपभोग सर्वांस गोड वाटतो. तिची निगा मात्र कोणासच आठवत नाहीं. नाशिकांतील आमच्या गृहनिर्माण संस्थेंत गेल्या पावसाळ्यांत याचा प्रत्यय आला.

तळमजल्यावरील एका वृद्ध बाईंस दूरदर्शनवरील कार्यक्रमांचीच काय ती सोबत. त्यांच्या मुलानें कोणासही न विचारतां गच्चीस भोकें पाडून तबकडी बसविली. पहिल्याच मुसळधार सरींत वरच्या बिऱ्हाडाच्या देवघरांत पाणी ठिबकूं लागलें. सभेंत एक पक्ष म्हणाला, “तबकड्या अजिबात नकोत”, दुसरा म्हणाला, “हा आमचा हक्क आहे.”

बाईंची अडचण खरी होती. प्रक्षेपणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटरांवर असून पृथ्वीच्या गतीनेंच फिरत असल्यामुळें एका जागीं स्थिर भासतात. प्रसारभारतीची ‘फ्री डिश’ सेवा ज्या जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिक सुमारें ७४ अंशांवर. म्हणून येथील तबकडीचें तोंड आग्नेयेस हवें. ज्यांच्या खिडक्या केवळ उत्तरेकडे, त्यांस गच्चीवांचून गत्यंतर नाहीं.

वरच्या बिऱ्हाडाची तक्रारही तितकीच खरी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें गच्चीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानें होते. अर्थात् एकानें पाडलेल्या भोकाचा भार सर्वांवर पडतो. अमेरिकेंतही १९९६ च्या नियमानें एक मीटरपर्यंतची तबकडी स्वतःच्या ताब्यांतील जागेंत लावण्याचा हक्क दिला, पण सामाईक छपरास तो लागू नाहीं.

अखेर सभेनें ठरविलें तें असें : तबकडीसाठीं समितीकडे लेखी अर्ज करावा, गच्चीस भोक न पाडतां वजन ठेवलेल्या चौकटीवर ती बसवावी, शक्य तेथें अनेक घरांनीं मिळून एकच तबकडी घ्यावी, आणि वापर संपतांच ती उतरवावी. मुलानें गळतीचा खर्च आपण होऊन भरला. तबकडी नव्या चौकटीवर चढली, तेव्हां ती धरावयास वरच्या मजल्यावरील गृहस्थच पुढें आले.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस यांत नवें कांहींच नाहीं. घरांतील सामाईक वस्तूस हात लावण्यापूर्वीं वडील माणसांस विचारावें, हें आपण लहानपणींच शिकलों. गच्चीवर चढतांना तेवढें स्मरलें, तर नियमांचें पुस्तक क्वचितच उघडावें लागेल.