तबकडीवरचा पांढरा रंग

कागदावर पांढरा रंग छापावा लागत नाही. कागदच पांढरा असतो. कॉम्पॅक्ट डिस्कचा पृष्ठभाग मात्र चंदेरी. त्यामुळे संगणकावर पांढरे दिसणारे शीर्षक तबकडीवर आरशासारखे चकाकते आणि पिवळी शाई मळकट उतरते. सगळ्या प्रती छापून झाल्यावर हे कळणे महागाचे. स्पॉट कलर छपाईत प्रत्येक तयार शाईसाठी स्वतंत्र स्क्रीन लागते. म्हणून पँटोन क्रमांकांच्या रंगांबरोबर पांढराही एक रंग म्हणून फाइलमध्ये वेगळा नोंदवावा. तो सर्वांत आधी छापला जातो. वर दुसरा रंग बसणार असेल तिथे पांढऱ्याची कड किंचित आत घ्यावी. नाहीतर स्क्रीन केसभर सरकली तरी पांढरी किनार डोकावते. मधल्या १५ मिलिमीटरच्या छिद्राभोवतीचे कडे पारदर्शक असते. तिथे तीच शाई निराळी दिसते. बारीक अक्षरे तिथे नकोतच.