रमजानच्या रात्री आणि वयात येणारी मुलं

रमजानचा चांद दिसला की छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागाचं घड्याळ बदलतं. सिटी चौक, बुढीलाईन, शहागंज, रोशन गेट परिसरात तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची विशेष नमाज आटोपली की खरी वर्दळ सुरू होते. हलीमच्या हंड्या, नान-खलियाचा घमघमाट, कपड्यांची दुकानं. गर्दीत फक्त रोजेदार नसतात, गुलमंडी-औरंगपुऱ्याची मित्रमंडळीही हौसेनं येतात. शहराची ही शान आहे आणि ती टिकावी. पण मध्यरात्र उलटल्यावर त्याच गर्दीत तेरा ते सतरा वर्षांची पोरंही दिसतात, एका दुचाकीवर तिघं. सकाळी सातला त्यांची शाळा असते.

हिशेब सोपा आहे. मार्चमध्ये सहरीची वेळ साडेपाचच्या आत संपते, म्हणजे उठायचं साडेचारला. पोरगा दीडला घरी आला तर झोप झाली तीन तास. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. मग वर्गात डोळे मिटतात, घरी चिडचिड होते आणि दोष जातो रोजाला. रोजा बिचारा निर्दोष असतो, दोष जागरणाचा आणि मोबाइलचा. तरावीहनंतर साडेदहापर्यंत अंथरुणावर, सहरी-फजरनंतर शाळा आणि दुपारी तासभर कैलुला एवढं जमलं तरी बरंच साधतं. दुपारच्या या वामकुक्षीला परंपरेत सुन्नत मानलं आहे, आळस नव्हे, हे आईवडिलांनीही लक्षात ठेवावं.

चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यानं रमजान दरवर्षी अलीकडे येतो. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी तो दहावीच्या परीक्षेत आला. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता आणि दहावीचे पेपर १७ मार्चपर्यंत चालले. अशा वेळी घराघरांत एकच वाद होतो. मूल म्हणतं, रोजा ठेवणारच. आई म्हणते, पेपर आहे. कधी नेमकं उलटं. निरोगी मूल सहरीला फक्त चहा-खारीवर न भागवता पोळी, डाळ, अंडी, दही खाऊन आणि पुरेसं पाणी पिऊन रोजा ठेवत असेल, तर उगाच घाबरायचं कारण नाही. मात्र आजारी व्यक्तीला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची मुभा कुरआननंच सूरह बकराहमध्ये दिली आहे. मधुमेहाचं इन्सुलिन घेणारं किंवा फिटच्या गोळ्या चालू असणारं मूल असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारायला हवं. मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून गोळी चुकवणारी मुलं असतात. ती सांगत नाहीत, विचारावं लागतं.

मुलींची गोष्ट आणखी नाजूक. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. हे सगळ्यांना ठाऊक असूनही कितीतरी घरांत मुली लाजेपोटी भाऊ-वडिलांसमोर उपाशी राहतात, नाहीतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घाईनं दोन घास गिळतात. शाळेतही कुणी सहज विचारून जातं, ‘काय गं, आज रोजा नाही?’ हा प्रश्न कुणीही विचारू नये. घरात नाही, वर्गात तर नाहीच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही या महिन्यात बऱ्याचदा राहून जाते. ती इफ्तारनंतर जेवून घेता येईल, अशी सोय बाईंनी पालकांशी बोलून करावी. रक्त कमी असलेल्या मुलीला ती महिनाभर चुकणं परवडणारं नाही. गोळीवर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही.

आता ज्या विषयावर मोहल्ल्यात दबक्या आवाजात बोललं जातं तो विषय. नशेच्या गोळ्यांना या शहरात ‘बटण’ म्हणतात. नायट्राझेपाम, अल्प्राझोलमसारख्या या झोपेच्या गोळ्या खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत. जीभ जड होणं, अवेळी गुंगी, घरातले पैसे कमी होणं, जुने मित्र अचानक तुटणं ही लक्षणं एकत्र दिसली तर डोळेझाक करू नये. कित्येक आईबाप आशेनं म्हणतात, रमजानमध्ये सुटेल. मुलाची नियत चांगली असेलही. पण रोजची सवय लागलेल्या शरीराला या गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. मात्रा हळूहळू उतरवावी लागते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. दुसरा क्रमांक परीक्षेच्या धास्तीनं जेवण-झोप उडालेल्या मुलासाठीही आहे.

मारझोड करून, कोंडून ठेवून पोरगं सुधारतं हा समज सगळ्याच समाजांत आहे. हजरत अनस दहाव्या वर्षी पैगंबरांच्या सेवेत आले. दहा वर्षांत पैगंबरांनी ‘हे असं का केलंस’ असं एकदाही सुनावलं नाही, ही त्यांची आठवण हदीसच्या ग्रंथांत आहे. मशिदीत ती ऐकून मान डोलावणारे वडील घरी निकालपत्र पाहताना ती विसरतात. इफ्तारच्या दस्तरखानावर रोज सगळं घर एकत्र बसतं. वर्षभर न मिळणारी ही अर्ध्या तासाची संधी असते. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाइल बाजूला राहिले तर मूल आपणहून काही बोलेल.

बोलायला, बसायला जागाही लागते. करोनाकाळात शाळा बंद असताना २०२१ मध्ये याच शहरातल्या एका शाळकरी मुलीनं वडिलांनी दिलेल्या पुस्तकांतून मोहल्ला बाल वाचनालय सुरू केलं. पुढे रीड अँड लीड फाउंडेशनच्या मदतीनं अशी वाचनालयं वस्त्यावस्त्यांत तीसच्या पुढे गेली. असर आणि मगरिबच्या मधला वेळ रोजेदार मुलांना सर्वांत लांब वाटतो. नेमक्या त्या वेळी अशी एखादी खोली उघडी असली, पंखा चालू असला आणि ‘इथं का बसलास’ विचारणारं कुणी नसलं, तर पोरं येतात.