गळती कोठे आहे? : मोटारीच्या इंजिनातील दाबाचे निदान



ज्याचे आयुष्य मराठीच्या वर्गात गेले त्याने मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ‘निदान’ हा शब्द जितका वैद्याचा तितकाच कारागिराचाही आहे; आणि लक्षणापासून कारणापर्यंत पायरी न चुकता जाण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. शिवाय हा विषय आपल्या शहराला परका नाही. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते-वाहतूक खात्याने १९३२ च्या जूनमध्ये २७ बसगाड्यांनिशी येथे सेवा सुरू केली. त्या गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. पुढे १९४२ साली स्थापन झालेल्या ऑल्विन कारखान्याने येथेच बसगाड्यांचे सांगाडे बांधले. गाड्या आल्या तशी त्या दुरुस्त करणारी माणसेही तयार झाली, आणि त्यांच्या दखनी बोलीतले ‘कम्प्रेशन निकल गया, साब’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकले असेल. मराठीत आपण म्हणू, इंजिनाचा दम गेला.

हा दम म्हणजे काय, ते आधी पाहू. इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरात ओढून घेतो आणि वर येताना, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, ते दाबतो. त्या दाबलेल्या मिश्रणावर ठिणगी पडते आणि गाडी चालते. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली सिद्ध केलेली ही रचना आजच्या मोटारीतही मूलतः तीच आहे. मिश्रण आठपट आकुंचित केले तर दाबही आठपट होईल, असे सहज वाटते. परंतु दाबताना ते तापते, आणि उष्णता बाहेर गेली नाही तर दाब अठरापटींच्या आसपास जावा, असे गणित सांगते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषून घेतात, झडप थोडी उशिरा मिटते, आणि स्टार्टरने फिरविलेल्या निरोगी इंजिनावर मापक दर चौरस इंचास सुमारे १२० ते १७० पौंड दाखवितो. हैदराबादकराने यात आणखी एक वजावट धरली पाहिजे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाहून सहाएक टक्क्यांनी कमी असतो. म्हणून मुंबईत १५० पौंड दाखविणारे इंजिन येथे १४० च्या जवळपास दाखवील, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नाही.

दाब निसटण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती झिजल्या, की तो खाली तेलाच्या चेंबरात उतरतो. मिश्रण आत घेणारी झडप नीट बसत नसेल तर कार्ब्युरेटरकडे, आणि धूर बाहेर सोडणारी बसत नसेल तर सायलेन्सरकडे. सिलिंडरचा ब्लॉक व त्यावरचे हेड यांच्यामधील गॅसकिट जळाले असेल, तर शेजारच्या सिलिंडरात किंवा पाण्याच्या मार्गात. रोग एकच दिसतो, पण उपचारांत महदंतर असते. रिंगा बदलायच्या आणि सिलिंडर रिबोअर करायचे तर सारे इंजिन उलगडावे लागते. झडप घासायची असेल तर हेड उतरविले की भागते. टॅक्सीवर ज्याचे घर चालते त्याच्या दृष्टीने पहिले म्हणजे कित्येक दिवसांची बुडालेली कमाई, दुसरे म्हणजे एखाद-दोन दिवसांची. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वीच वाट ठाऊक असणे महत्त्वाचे.

पहिली पायरी मापकाची. इंजिन तापवून बंद करावे, ठिणगीचा व पेट्रोलचा पुरवठा तोडावा, सगळे प्लग काढावेत आणि प्लगच्या छिद्रात मापक बसवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरने इंजिन पाच-सहा दाबांपर्यंत फिरवावे. बॅटरी भरलेली हवी. ॲक्सिलरेटर न दाबल्यास हवा पुरेशी आत येत नाही आणि चांगले इंजिनही रोगी ठरते. चारही सिलिंडरांचे आकडे एकापुढे एक लिहावेत; कारण एकट्या आकड्यापेक्षा त्यांच्यातील तफावत अधिक बोलकी असते. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाहून खाली असू नये, असा एक जुना व्यवहारी नियम आहे. लगतचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर त्यांच्यामधील गॅसकिटावर पहिला संशय घ्यावा. सुई कशी चढते तेही पाहावे: पहिल्या दाबाला कमी आणि मग हळूहळू वाढत जाणारी सुई बहुधा रिंगांकडे बोट दाखविते, पहिल्यापासून खाली राहून तेथेच रेंगाळणारी सुई झडपेकडे.

मात्र मापक किती गेले ते सांगतो, कोठून गेले ते नक्की सांगत नाही. शिक्षण खात्याच्या अहवालांत ‘गळती’ हाच शब्द मुलांविषयी येतो. तेथेही आकडा वाचून मूल कोणत्या दाराने शाळेबाहेर गेले ते कळत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र कारागिरांनी एक फार सोपी युक्ती शोधून ठेवली आहे. कमी दाबाच्या सिलिंडरात प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवती पसरून त्यांच्या फटी क्षणभर बुजवते. आकडा ठळकपणे वाढला तर दोष रिंगांत वा सिलिंडरच्या भिंतीत. जागचा हलला नाही तर वर, झडपांत किंवा गॅसकिटात. तेल जास्त घालू नये. ते पिस्टनवर साचून मोकळी जागाच घटविते आणि आकडा खोटा वाढतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या फियाटला हीच व्याधी जडली होती. गाडी उभी असताना थरथरे, चढावर दम टाकी. एका गॅरेजने रिबोअर सांगितला आणि त्याचा खर्च ऐकून त्या गृहस्थांनी गाडी विकायची तयारी केली. एका वृद्ध मिस्त्रीने चमचाभर तेल घालून पाहिले. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा होता तेथेच राहिला. बाहेरची झडप काठाला जळाली होती. हेड उतरले, झडप बदलली, आणि ती गाडी पुढे कित्येक वर्षे चालली.

त्या मिस्त्रीने केवळ तेलावर भिस्त ठेवली नव्हती. त्याने हवाही भरली. ही दुसरी आणि अधिक निर्णायक पायरी. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की आपण तीत हवा भरून ती पाण्यात बुडवितो व बुडबुडे पाहतो, तत्त्व तेच. दाबाच्या फेरीत पिस्टन बरोबर शिखरावर आणावा, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात, आणि कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या छिद्रातून सोडावी. त्यासाठीच्या उपकरणात दोन मापक असतात. एकावर किती दाब दिला ते, दुसऱ्यावर किती टिकला ते दिसते. शून्य गळतीचे इंजिन जगात नाही. रिंगांच्या सांध्यांतून थोडी हवा जाणारच. दहा टक्क्यांपर्यंत निश्चिंत असावे, वीसपर्यंत सावध, तिशी ओलांडली की कारण शोधावे. मग कान लावायचा. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर बाहेरची झडप, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आली तर आतली, तेल भरण्याच्या तोंडाशी मोठ्याने आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर गॅसकिट किंवा चिरलेले हेड. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. पिस्टन शिखरापासून जरासा ढळला तरी भरलेली हवा इंजिनाला हिसका देऊन फिरविते. म्हणून पंख्यात व पट्ट्यात हात घालू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये.

आजच्या कार्यशाळांत स्टार्टर किती वीज ओढतो याचा आलेख काढून दुबळा सिलिंडर क्षणात ओळखतात: जेथे दाब कमी तेथे स्टार्टरला श्रम कमी, म्हणून आलेखाची शिखा बुटकी. प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा सोडून झडपेचा काठही पाहता येतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

झडपेवर ठपका ठेवण्यापूर्वी टॅपेटची फट मोजावी, हे मात्र कोणत्याही काळात विसरू नये. तापलेल्या झडपेची दांडी लांबते, म्हणून तिच्या माथ्यावर इंचाच्या काही सहस्रांशांची मोकळीक ठेवलेली असते. ती उरली नाही तर झडप बैठकीवर पूर्ण टेकत नाही. टेकत नाही म्हणून तिची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि काठ जळू लागतो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते सर्वांच्या फुप्फुसांसाठी इष्टच झाले. पण पूर्वी ते शिसेच मऊ बैठकींना झिजेपासून वाचवीत असे. त्यामुळे ज्या जुन्या गाड्यांच्या बैठकी कठीण धातूच्या नाहीत, त्यांत झडप हळूहळू खोल रुतते व ही मोकळीक आपोआप संपते. अशी गाडी ज्यांनी हौसेने जपली आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी टॅपेट तपासून घ्यावेत. आणि झडप घासून घेतलीच, तर हेड बसविण्यापूर्वी ते आडवे धरून झडपेमागच्या पोकळीत थोडे रॉकेल ओतावे, काही मिनिटे थांबावे, आणि झडपेच्या कडेने ओल पाझरते का ते पाहावे. कड कोरडी राहिली तरच नवे गॅसकिट लावावे.