कळफलकावरची बाराखडी

जालन्याला यंत्राचे भय कधीच नव्हते. रोलिंग मिलमधल्या लालबुंद लोखंडापुढे दिवसभर उभी राहणारी माणसे इथलीच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि बियाण्यांमुळे या गावाचे नाव देशभर गेले. पण हेच गाव घरातल्या एका पांढऱ्या डब्यापुढे मात्र बिचकत होते! वीसेक वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांच्याकडे त्यावर भरतकामाचे झाकण असे आणि पाहुण्यांच्या पोरांसाठी एक ठरलेले वाक्य असे, "हात लावू नको, बिघडेल."

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्ये स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला आणि बघता बघता अंबड, परतूर, मंठ्यापर्यंत संगणकाचे वर्ग निघाले. शासनाने कर्मचाऱ्यांना संगणकाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, वेतनवाढ त्याला बांधली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, चाळिशी उलटलेला. वेतनवाढ हातची जाऊ द्यायची नव्हती, म्हणून २००६ मध्ये घरी संगणक घेतला.

माझी गुरू म्हणजे सातवीतली मुलगी. तिने आधी पत्त्यांचा खेळ लावून दिला. मला वाटले, ही थट्टा करते आहे. पण पान उचलायचे, दाबून धरायचे, ओढत न्यायचे आणि सोडायचे, यातच माऊसवर हात बसला. दुसरा गुरू म्हणजे लोडशेडिंग. यूपीएसने शिट्टी मारली की दहा मिनिटांत आवरते घ्यायचे. त्यामुळे दर दोन ओळींनी कंट्रोल आणि एस दाबून मजकूर जतन करण्याची सवय जडली, ती आजतागायत आहे.

यथावकाश प्रमाणपत्र आले, वेतनवाढ वाचली आणि संगणकावर पुन्हा झाकण पडले. कारण साधे होते. त्यावर करण्याजोगे माझे असे काम मला सापडलेच नव्हते. पडदा इंग्रजी, कळफलकावरची अक्षरे इंग्रजी आणि आमच्या घरातले सगळे बोलणे मराठी.

ते काम आईने दिले. भोकरदनकडच्या मावशीला अधू नजरेमुळे हाताने लिहिलेले पत्र वाचता येईना. "वर्तमानपत्राच्या मथळ्याएवढी अक्षरं काढता येतील का रे तुझ्या डब्यावर?" आईने विचारले. काढता येत होती, पण मराठीत उमटवायची कशी?

त्या शोधात इन्स्क्रिप्टची ओळख झाली. भारतीय लिप्यांसाठीची ही कळफलक-मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्येच प्रमाण केली होती. तिची गंमत अशी, की ती आपल्या बाराखडीवरच उभी आहे. काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'क'च्या कळीवर शिफ्ट धरली की 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ'. जोडाक्षराला मध्ये हलन्त द्यायचा. जुन्या मराठी टंकयंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे. इथे आपण उच्चारतो त्या क्रमाने आधी अक्षर, मग वेलांटी. 'जालना' लिहायला इंग्रजी पी, ई, एन, व्ही, ई या पाच कळा पुरतात. मास्तराला याहून सोपे काय हवे? पंधरा दिवसांत बोटे वळली.

आई सांगत गेली, मी उमटवत गेलो. अक्षरे एवढी मोठी केली की अर्ध्या पानाच्या मजकुराची चार पाने झाली. पेनड्राइव्हवर घालून छपाईच्या दुकानात नेली. मजकूर युनिकोडमध्ये होता, म्हणून तिथल्या संगणकावरही जसाच्या तसा दिसला. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिले असते, तर तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची अगम्य चिन्हे झाली असती. आठवड्याने मावशीचा फोन आला, "पुढचं पत्र कधी?" त्या दिवसापासून झाकण कपाटात गेले, ते आता शिवणयंत्रावर असते.

वाचकहो, तुमच्याही घरी मुले शिकायला गेल्यावर एखादा संगणक पडून असेल. त्याला इंटरनेट नसले तरी बिघडत नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी कळफलक जोडा, नोटपॅड उघडा आणि आधी आपल्या गावाचे नाव लिहा. मग दुधाचा हिशेब, लोणच्याचे प्रमाण, आजीने सांगितलेली नात्यांची यादी, जे तुमचे असेल ते लिहा. माऊसला हात कापतो? पत्ते खेळा. चुकीची कळ दाबली म्हणून यंत्र मोडत नाही. कंट्रोल आणि झेड दाबले की बहुतेक वेळा लिहिण्यातली चूक मागे घेता येते.

आणि दर दोन ओळींनी कंट्रोल-एस विसरू नका. आपल्याकडच्या विजेचा भरवसा अजून कोण देतो?