विश्लेषण : किल्ल्याभोवतीच्या समुद्रात तोफगोळा पडला, तर पाणी किती उडेल?

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरात गल्लोगल्ली माती कालवली जाते. पन्हाळा आणि रायगड नेहमीचेच. ज्या मुलांना वेगळे काही करायचे असते, ती सिंधुदुर्ग किंवा खांदेरीकडे वळतात. कोल्हापूरला समुद्र नसला तरी सिंधुदुर्ग परका नाही. तो करवीर छत्रपतींच्या ताब्यात होता; १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला, पुढे परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवणसह तो पुन्हा इंग्रजांकडे गेला. जलदुर्ग केला की गलबते येतात आणि गलबते आली की लढाई. अडचण इथेच येते, कारण तोफगोळ्याने उडालेले पाणी दाखवायचे कसे?

खरे पाणी का चालत नाही?

जहाज लहान करता येते, पाण्याचा थेंब नाही. पृष्ठताणामुळे उडणारे थेंब साधारण काही मिलिमीटरचेच राहतात. पाच सेंटिमीटरचा मावळा ठेवला, तर प्रमाण जवळपास १:३३ होते. त्या मापात तीन मिलिमीटरचा थेंब म्हणजे दहा सेंटिमीटरचा गोळा! डोळ्यांना ते लगेच खटकते. जुन्या युद्धपटांत छोटी जहाजे मोठ्या हौदात सोडून जलद गतीच्या कॅमेऱ्याने चित्रण करत आणि पडद्यावर संथ दाखवत. त्याने पाणी जडशीळ भासे, थेंबांचा आकार मात्र लपत नसे. म्हणून स्थिर देखाव्यात पाणी वापरतच नाहीत. कापूस, गोंद, पारदर्शक सिलिकॉन यांतून ते ‘घडवतात’.

खांदेरीच्या लढाईत स्फोट दाखवावा का?

नाही, आणि बहुतेक देखावे इथेच चुकतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांनी विरोध केला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला. ‘डव्ह’ हा इंग्रजी गुराब मराठ्यांच्या हाती लागला, ‘रिव्हेंज’ लढत राहिले. तेव्हाच्या जहाजांवरील तोफा मुख्यतः भरीव लोखंडी गोळे फेकत. असा गोळा पाण्यात पडून फुटत नाही. ज्वाळा नाही, काळा धूर नाही. धूर असतो तो तोफेच्या तोंडाशी, दारूचा, पांढुरका आणि भरपूर.

मग पाण्यात काय दिसते? बादलीत गोटी टाकून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. आधी कडेने पातळ मुकुट उमलतो, मध्ये खळगा पडतो, तो मिटतो आणि क्षणभराने बारीक कारंजे सरळ वर जाते. मुकुट आणि कारंजे एकाच वेळी पूर्ण उंचीवर नसतात. देखाव्यात दोन्हींतला एकच क्षण निवडायचा. शिवाय गोळा समुद्राला लागून, कमी कोनात आला, तर तो टप्पे घेतो. रंकाळ्यावर चपटा दगड आडवा भिरकावल्यावर होते तसेच. म्हणजे एका गोळ्याचे तीन-चार फवारे, एका रांगेत, पुढे पुढे लहान होत गेलेले. एवढे केले तरी बघणाऱ्याला गोळा कुठून आला ते कळते.

ते उंच पांढरे खांब कुठले?

ते विसाव्या शतकातले. दुसऱ्या महायुद्धातील युद्धनौकांचे ४० सेंटिमीटर व्यासाचे गोळे पाण्याचा खांब डोलकाठीइतका उंच नेत. समजा तो ६० मीटरचा आहे. १:७०० या प्रचलित मापात साडेआठ सेंटिमीटर भरतो. २५० मीटरची नौका त्याच मापात ३६ सेंटिमीटरची. काही देशांच्या गोळ्यांत रंगही भरत, म्हणजे कुठला फवारा कुठल्या जहाजाचा हे निरीक्षकाला ओळखता येई. ऑक्टोबर १९४४ च्या समार बेटाजवळील लढाईत असे रंगीत फवारे उडाले होते. त्यामुळे गुलाबी पाणी दिसले की चूक समजू नये.

पाण्याखालचा स्फोट आणखी निराळा. आधी पृष्ठभागावर तुषारांचा पांढरा घुमट फुगतो, मग खालून वायूचा बुडबुडा वर येऊन पाणी फाडतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ पाणतीराने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या स्मारकात काचेमागे आहे ती अख्ख्या जहाजाची प्रतिकृती. अशा घटनेचा देखावा करणाऱ्याने फवाऱ्याची उंची ठरवण्याआधी, तो क्षण दाखवायचाच का, हे ठरवलेले बरे.

घरी कसे करायचे?

तांब्याची बारीक तार उभी करा, तिच्याभोवती उशीत भरतात तो कृत्रिम कापूस सैल गुंडाळा. पाणी घातलेला फेव्हिकॉल लावा आणि ओला असतानाच बोटांनी वर ओढा. वरचे टोक विरळ हवे, बुंधा दाट. घट्ट बोळा झाला की पाणी न दिसता फ्लॉवरचा गड्डा दिसतो. बुंध्याला फेसाचे कडे द्या. लाटांसाठी सिलिकॉन सीलंट ओल्या काडीने ओढता येते. त्याला उग्र वास असतो, काम गच्चीवर करावे. सुकलेल्या सिलिकॉनवर पोस्टर कलर टिकत नाही, सोलून निघतो. म्हणून समुद्राचा निळा-हिरवा रंग आधी खालच्या पुठ्ठ्याला द्यायचा आणि तो पूर्ण वाळला की सिलिकॉन.