जंगलाचा आराखडा कोणी करायचा?

एखाद्या जंगलातून यंदा किती बांबू तोडावा? उत्तर द्यायचे तर बेटे किती आहेत, प्रत्येक बेटात जून काठ्या किती आणि कोवळ्या किती, हे माहीत हवे. बांबूची काठी एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठते, पण जून व्हायला तिला आणखी दोन-तीन वर्षे लागतात. कोवळ्या काठ्या तोडल्या तर बेट दुबळे होते. जुन्या काढल्याच नाहीत तर दाटी होते. म्हणजे हिशेब कागदावर मांडला, तरी त्यातले आकडे जंगलात फिरूनच मिळतात. तेथे रोज फिरतात ती गावातलीच माणसे.

पण गावकऱ्यांकडून नुसती माहिती घेणे म्हणजे त्यांचा सहभाग नव्हे. निर्णयही त्यांचा हवा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने हे दाखवून दिले. तेथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. अवघड विषयांसाठी अभ्यासगट असतात आणि बाहेरच्या जाणकारांनाही बोलावले जाते. पोळे जाळून मध काढल्याने माश्या मरतात. अभ्यासातून गावाने माश्या न मारता फक्त मधाचा भाग कापून घेण्याची रीत स्वीकारली. 2009 साली वनहक्क कायद्यानुसार 1809 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

खरी कसोटी लागते ती तोटा सोसायची वेळ आल्यावर. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 साली असाच हक्क मिळाला. तेंदूपाने हे या भागातले उन्हाळ्यातले हुकमी रोख उत्पन्न. मात्र चांगली पाने यावीत म्हणून तेंदू छाटतात, जंगलात आगही लावतात. त्यामुळे फळे मिळत नाहीत आणि इतर रोपे जळतात. हे लक्षात घेऊन पाचगावने तेंदूपाने तोडणेच थांबवले व बांबूवर भर दिला. हीच बंदी बाहेरून लादली असती, तर ती पाळली गेली असती का?

'गाव' म्हणजे तरी कोण? बैठकीला फक्त पुढारी आणि पुरुष आले, तर सरपण आणणाऱ्या बाईची किंवा गुराख्याची वाट आराखड्यातून सहज पुसली जाते. म्हणूनच 2012 च्या सुधारित नियमांनुसार अशा ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. संवर्धनाचा व व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेची समिती करते. त्याला मान्यता मात्र ग्रामसभेने द्यायची असते.

शिक्षकांना हा विषय वर्गाबाहेर नेता येईल. गावाचे गायरान, तळे किंवा देवराई निवडा. मुलांच्या गटांनी त्या जागेचा नकाशा काढावा. तेथून कोण, काय, कोणत्या महिन्यात नेते, हे घरोघरी विचारून नकाशावर नोंदवावे. आजी, गुराखी आणि सरपंच यांची उत्तरे जुळणार नाहीत. ती शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, या जागेसाठी नियम करायचा तर पहिला कोणता आणि त्याची झळ कोणाला बसेल? आराखड्याचे काम या प्रश्नापासून सुरू होते.