संस्थेचें दप्तर ‘क्लाउड’वर ठेवावें काय?

सहकारी संस्थेचें खरें धन तिच्या दप्तरांत असतें. भागधारक कोण, कर्ज किती, वसूल किती, वखारींत माल कोणाचा, हें सर्व त्यावरूनच ठरतें. जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तींतील सामायिक प्रणाली क्लाउड पद्धतीची आहे. तेव्हां ही पद्धति काय आहे व तींत सोय कोठें व धोका कोठें, हें प्रत्येक सभासदानें जाणून घेतलें पाहिजे.

नांव ‘क्लाउड’ असलें तरी यांत आकाशांतलें कांहीं नाहीं. मोठमोठ्या इमारतींत हजारों संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांतील जागा व शक्ति इंटरनेटवरून भाड्यानें घ्यावयाची व वापराप्रमाणें पैसे द्यावयाचे, इतकाच याचा अर्थ. अमेझॉन कंपनीनें असा व्यवसाय २००६ सालीं सुरू केला. २०१६ पासून तिचें एक केंद्र मुंबईसही आहे.

भाड्याचे प्रकार तीन. पहिल्यांत केवळ यंत्रशक्ति मिळते. रिकामी वखार घेऊन मांडणी आपणच करावी, तसें. दुसऱ्यांत स्वतःची प्रणाली रचण्याची साधनें तयार मिळतात. तिसऱ्यांत हिशेबाची प्रणालीच सिद्ध असते. ज्या संस्थेजवळ संगणकतज्ज्ञ नाहीं, तिला बहुधा तिसरा प्रकारच सोयीचा. यंत्रें सर्वांस खुलीं, एकट्या संस्थेसाठीं राखीव, समान गरजेच्या अनेक संस्थांत सामायिक अथवा मिश्र, अशीही व्यवस्था असते.

लाभ उघड आहेत. महाग यंत्रें विकत घ्यावीं लागत नाहींत, आणि हंगामांत काम वाढलें तर शक्ति वाढवून पुढें कमी करितां येते. परंतु भाडें कायमचें असतें. वापरावर लक्ष न ठेविल्यास तें फुगतें. खेड्यांत वीज वा इंटरनेट बंद पडलें कीं काम थांबतें.

याहून मोठा धोका निराळाच आहे. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएचक्लाउड कंपनीची एक इमारत जळाली. ज्यांची प्रत अन्यत्र नव्हती अशा कित्येक ग्राहकांची माहिती कायमची गेली. मे २०२४ मध्यें युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील व्यवस्था मांडणींतील चुकीमुळें पुसली गेली. लक्षावधि सभासदांस कित्येक दिवस आपलीं खातीं पाहतां येईनात. मात्र दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रत ठेविलेली होती, तिचा व्यवस्था पुन्हा उभी करण्यास मोठा उपयोग झाला. यंत्र भाड्याचें असलें तरी दप्तराची काळजी मालकाचीच, हें यावरून स्पष्ट होतें. सभासदांच्या वैयक्तिक माहितीविषयीं २०२३ चा कायदाही जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवितो.

म्हणून करारापूर्वीं व्यवस्थापक मंडळानें पुढील गोष्टी पक्क्या कराव्या :

१. माहितीची मालकी संस्थेची असून, करार संपतांना ती कोणत्या स्वरूपांत, किती दिवसांत व किती खर्चानें परत मिळेल, हें लेखी घ्यावें.

२. दप्तराची पूर्ण प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी व दर तिमाहीस ती उघडून, हिशेब जुळतो कीं नाहीं, हें पाहावें. न तपासलेल्या प्रतीवर विसंबूं नये.

३. प्रत्येक सेवकास स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा. नोकरी सुटतांच त्याच दिवशीं तो रद्द करावा.

४. इंटरनेट बंद असतां व्यवहार चालावा म्हणून छापील पावतीपुस्तक जवळ असूं द्यावें.

वार्षिक सभेंत सभासदांनीं नफ्यातोट्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या दप्तराची दुसरी प्रत कोठें आहे, आणि ती शेवटीं केव्हां तपासली?